‘तीन वर्षांनी ऑडिट होणार, तर मग आज हिशोब कशाला लिहायचा?’

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही तालुक्याजवळच्या गावात नववी-दहावीला गणित शिकवता, शाळेने आर्थिक साक्षरतेचा आठवड्याला एक तास तुमच्या गळ्यात टाकलाय, चक्रवाढ व्याज झालं, महिन्याचं बजेट झालं, आणि मग एका मुलाने विचारलं की आमच्या ग्रामपंचायतीचं ऑडिट तीन वर्षं मागे आहे असं बाबा म्हणतात, मग हिशोब लिहून उपयोग काय? तुम्ही त्या दिवशी वेळ मारून नेली आणि आता विचारताय की हा विषय वर्गात घ्यावा का, आणि घ्यायचा तर कसा.

मी सरकारी ऑडिटमध्ये सत्तावीस वर्षं काढली, बहुतेक सगळी ग्रामपंचायती आणि पंचायत समित्यांची दप्तरं तपासण्यात. रिटायर झाल्यावर घरी बसवेना म्हणून गेली चार वर्षं शनिवारी शाळांमध्ये जाऊन तास घेतो, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार सांगू शकतो.

पहिलं म्हणजे त्या पोराला शाबासकी द्या. तो खरं तर ग्रामपंचायतीबद्दल विचारतच नाहीये. हिशोब बघणारा इतका उशिरा येणार असेल की तोवर सगळं शिळं झालेलं असेल, तर मी आज रात्री वहीत का लिहावं, हा त्याचा प्रश्न आहे. याला "चांगली सवय असते बाळा" असं उत्तर दिलंत तर तो मान हलवेल आणि तुमचा विषय तिथेच संपेल. त्याला खरं कारण पाहिजे, आणि ते कारण आहे.

पण आधी "ऑडिट मागे आहे" म्हणजे नेमकं काय ते बघा, कारण या तीन शब्दांत तीन वेगळी दुखणी असतात आणि गावात सगळे एकाच नावाने बोलतात. एक म्हणजे ग्रामपंचायतीने दप्तरच तयार केलेलं नाही, रोकडवही अर्धवट, बँकेचा ताळमेळ घेतलेला नाही, म्हणजे ऑडिटर आला तरी तपासणार काय. दुसरं म्हणजे दप्तर तयार आहे पण ऑडिटर आलेला नाही, त्याच्याकडे गावं ढीगभर आणि माणसं मोजकी. तिसरं, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा सापडणारं, म्हणजे ऑडिट झालंय, अहवाल आलाय, तो कपाटात पडलाय, ग्रामसभेत कुणी वाचलेला नाही आणि आक्षेपांचं अनुपालन, म्हणजे त्यांना उत्तर देऊन दुरुस्ती, कुणी केलेलं नाही. तुमच्या गावात यातलं कोणतं आहे ते मला इथे बसून सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही विचारल्याशिवाय कळणार नाही. या तिन्हींत दोष वेगवेगळ्यांचा असतो, आणि उशीर झाला म्हणजे पैसे खाल्ले असं यातल्या कशावरूनच सिद्ध होत नाही. हे वाक्य वर्गात नक्की बोला, कारण मुलं ही उडी फार पटकन मारतात (मोठेही मारतात).

आता ते खरं कारण. ते मला एका गावात कळलं, नाव नको. आम्ही पोचलो तेव्हा तपासायचं वर्ष चार वर्षांपूर्वीचं होतं. रोकडवहीत हातपंप दुरुस्तीचा खर्च, साडेनऊ हजारांच्या आसपास, नोंद व्यवस्थित, पण प्रमाणक (म्हणजे खर्चाचं बिल-पावती) नाही. ज्याच्या सहीने पैसे गेले त्या ग्रामसेवकाची (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) मध्ये दोनदा बदली झालेली, सामान दिलं तो दुकानदार दुकान बंद करून गेलेला, आणि हातपंपच काढून तिथे नळयोजनेचं स्टँडपोस्ट उभं राहिलेलं. दुरुस्ती झाली होती का हे बघायचं तर बघणार कुठे? हाफ मार्जिन दिलं, म्हणजे खुलासा मागणारा लेखी शेरा. तो ग्रामसेवक दुसऱ्या तालुक्यातून एसटीने आला, दोन दिवस कपाटापुढे मांडी घालून वाळवी लागलेले गठ्ठे सोडत बसला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला बिल सापडलं. ते त्याने माझ्या टेबलावर ठेवलं. थर्मल कागदाची पट्टी होती, एटीएमच्या स्लिपसारखी, आणि पूर्ण पांढरी. एक अक्षर शिल्लक नाही. उजेडात तिरकं धरून बघितलं तर वर दुकानाच्या नावाची सावली दिसल्यासारखी वाटत होती, तेही मन म्हणतं म्हणून.

नळावर पाणी भरणाऱ्या बायका सांगत होत्या की होय, पंप नीट केला होता, दोन उन्हाळे त्यावर काढले. माझीही खात्री पटली होती. पण बायकांचं सांगणं प्रमाणक होत नाही आणि पांढरा कागदही होत नाही, म्हणून रक्कम वसूलपात्र असा अहवालात परिच्छेद लिहिला. मीच लिहिला. पुढे रिटायर होताना ना देय दाखल्यासाठी (काही देणं बाकी नाही असा दाखला) त्याने ते पैसे खिशातून भरले असं कानावर आलं.

त्याच कपाटात त्याच्या जागी आलेल्याची फाइल होती. एक कागद कमी नाही, प्रत्येक खरेदीला तीन कोटेशनं, आणि तिन्ही एकाच हस्ताक्षरात! ती ज्या दुकानांची होती ती खरंच होती का, हे त्या वर्षी जाऊन बघितलं असतं तर एका चकरेत कळलं असतं. आमच्या वेळेपर्यंत तिथे मोबाइलचं दुकान आणि पिठाची गिरणी होती. त्याचं फार काही वाकडं झालं नाही.

मी मुलांना जे सांगतो ते एवढंच आहे. उशिरा झालेलं ऑडिट चोराच्या पथ्यावर पडतं आणि सरळ माणसाच्या मुळावर येतं. ज्याला लपवायचंय तो पहिल्या दिवसापासून कागद नीट लावतो. ज्याच्या मनात काही नसतं तो म्हणतो, लिहू की उद्या, मला माहीतच आहे ना कशावर खर्च झाला ते. चार वर्षांनी ते फक्त त्यालाच माहीत असतं. म्हणून बघणारा उशिरा येणार असेल तर रोजचं रोज लिहायची गरज उलट वाढते.

उशिराचा दुसरा तोटा चोरीशी संबंधितही नाही. समजा पहिल्या वर्षी घरपट्टीची आकारणी चुकीच्या दराने झाली. ऑडिट त्याच पावसाळ्यात झालं असतं तर पुढच्या वर्षी दुरुस्त झाली असती. तीन वर्षांनी झालं तर तीच चूक तीनदा झालेली असते आणि आता लोकांकडून मागचा फरक मागायला कुठला सरपंच जाईल? चाचणीचे तपासलेले पेपर वार्षिक परीक्षेनंतर हातात दिले तर मुलांना काय फायदा, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता वर्गात कसं घ्यायचं. माझं स्पष्ट मत, ग्रामपंचायतीपासून सुरुवात करू नका. तुमच्या वर्गात सरपंचांचा पुतण्या असेल, ठेकेदाराची मुलगी असेल, मागच्या निवडणुकीत पडलेल्याचा नातू तर हमखास असेल. मी एका शाळेत पहिल्याच तासाला गावचा जमाखर्च फळ्यावर मांडला आणि मधल्या सुट्टीत दोन पोरांची कॉलर पकडापकडी झाली, पुढचे दोन शनिवार मुख्याध्यापकांनी मला बोलावलंच नाही. चूक माझीच होती. आधी मुलांचे स्वतःचे पैसे घ्या.

यासाठी आनंद मेळाव्यासारखी दुसरी संधी नाही. तुमच्याकडे होतच असेल, भेळ, वडापाव, लिंबू सरबताचे स्टॉल. मी काय करतो, सगळ्या गटांना एकच साधी वही देतो, तारीख, कोणाकडून किंवा कोणाला, कशासाठी, जमा, खर्च, शिल्लक. अर्ध्या गटांचं ऑडिट त्याच संध्याकाळी, डबे घासायच्या आधी. उरलेल्यांचं पाच आठवड्यांनी, आणि त्यांना आधी सांगायचं नाही. तपासणारी मुलं दुसऱ्या तुकडीतली, म्हणजे ओळखीपाळखी चालत नाही.

त्याच दिवशी तपासलेल्या गटांत दहा-वीस रुपयांचा फरक निघतो आणि तो तिथल्या तिथे सापडतोही, कुणाच्या तरी खिशात सुट्टे राहिलेले असतात, किंवा सरांनी सरबत पिऊन पैसे दिलेले नसतात. पाच आठवड्यांनी बसलेल्या गटांची गंमत बघण्यासारखी असते. एका भेळेच्या गटात कुरमुऱ्यांचं बिल नाही, चिंचेची चटणी एकीच्या आईने घरून दिलेली तिचे पैसे धरायचे की नाही यावर वाद, एक म्हणतो मी सत्तर रुपये टाकले होते, वहीत नोंद नाही, आणि शेवटी शंभर-सव्वाशेचा मेळ बसत नाही. चौघांपैकी कुणी एक रुपया घेतलेला नव्हता हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, तरी चौघं एकमेकांकडे बघायला लागले. त्या बघण्यानंतर मी फार बोलत नाही, हातपंपाची गोष्ट सांगतो आणि पट्टी दाखवतो. म्हणजे तीच नव्हे, ती दप्तरात गेली, पण माझ्याकडे पेट्रोल पंपाच्या आणि एटीएमच्या जुन्या स्लिपा आहेत. एक ताजी आणि एक कारच्या डॅशबोर्डवर उन्हात राहिलेली, शेजारी शेजारी ठेवायच्या. यातनं मुलं दोन गोष्टी आपणहून शिकतात, महत्त्वाच्या बिलाचा त्याच दिवशी फोटो काढायचा आणि वहीत हाताने लिहायचं.

इथे एक मुलगा हमखास म्हणतो, सर फोनमध्ये सगळं असतं की, यूपीआयची हिस्ट्री बघायची. असतं ना. पण ती हिस्ट्री कुणाला दिले आणि किती दिले एवढंच सांगते, कशासाठी ते सांगत नाही. किराणा दुकानाला १४० रुपये गेले, ते साबणाचे की मित्राच्या कोल्ड्रिंकचे? सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही. रोकडवहीत सगळ्यात किमती रकाना रकमेचा नसून तपशिलाचा असतो, हे मला नोकरीत दहा वर्षं गेल्यावर कळलं. यूपीआयचा विषय निघालाच तर तिथेच सांगून टाका की कुणी हजार-दोन हजार देतो म्हणून आपलं बँक खातं वापरायला द्यायचं नाही. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं खातं चालवता येतं, आणि फसवणुकीचे पैसे फिरवायला अशीच खाती शोधणारे लोक असतात.

यानंतरचा तास घरच्या पैशांवर घ्या, आणि तिथे ऑडिटची तारीख कामाला येते. तुमच्या भागात घरोघरी पतसंस्थेत काहीतरी ठेव असणारच. संस्थेच्या दारावर किंवा कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात "ऑडिट वर्ग अ" लिहिलेलं असतं, म्हणजे ऑडिटरने दिलेली श्रेणी. मुलांना गृहपाठ द्या, घरी असलेला संस्थेचा वार्षिक अहवाल आणा आणि तो अ कोणत्या वर्षाचा आहे ते शोधा. बस, एवढंच. सहकार कायद्याप्रमाणे वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत ऑडिट पूर्ण व्हायला हवं आणि सप्टेंबरअखेर वार्षिक सभा. अहवाल घरी आलाच नसेल, किंवा त्यातला ऑडिटचा कागद दोन वर्षांपूर्वीचा असेल, तर शांतपणे जाऊन विचारायचं. सोबत हेही कळू द्या की बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत जो विमा असतो तो पतसंस्थेतल्या ठेवींना नसतो. किती घरांत हे माहीत नसतं! एनसीएफई म्हणून संस्था आहे, रिझर्व्ह बँक, सेबी, विमा आणि पेन्शनवाल्या नियामकांनी मिळून काढलेली, तिच्या २०१९ च्या पाहणीत देशातले २७ टक्केच प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर निघाले होते. म्हणजे मुलांनी घरी जाऊन आईवडिलांना शिकवायचं असं चित्र आहे.

मग तुलना फळ्यावर लिहा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला वर्षाचे ऑडिट झालेले आकडे ६० दिवसांत द्यावे लागतात. पतसंस्थेला चार महिने. आणि ग्रामपंचायतीला? केंद्राच्या १५ व्या वित्त आयोगाने पंचायतींच्या निधीसाठी अट घातली होती की मागच्या वर्षाचे तात्पुरते हिशोब आणि त्याच्याही आधीच्या वर्षाचे ऑडिट झालेले हिशोब ऑनलाइन लोकांना दिसले पाहिजेत. पहिली दोन वर्षं, म्हणजे २०२१-२२ आणि २०२२-२३ ला, राज्यातल्या निदान २५ टक्के स्थानिक संस्थांनी एवढं केलं तरी चालणार होतं, २०२३-२४ पासून जी संस्था करेल तिच्याच नावाचा निधी. बघा, या कडक अटीतसुद्धा ऑडिट झालेला हिशोब एक अख्खं वर्ष सोडून मागचा चालायचा. मुलांना विचारा, तुम्ही याच्यापेक्षा लवकरची तारीख ठेवाल का, आणि ठेवलीत तर ऑडिटर कुठून आणाल? चांगली चर्चा होते, कारण याला सोपं उत्तर नाही.

तारखेच्या मागे लागण्याचाही तोटा असतो. इंग्लंडमध्ये स्थानिक कौन्सिलांच्या ऑडिटची कामं अशी काही तुंबली की २०२२-२३ च्या हिशोबांचं ऑडिट ठरलेल्या मुदतीत फक्त एक टक्का संस्थांचं झालं. मग सरकारने १३ डिसेंबर २०२४ ही शेवटची तारीख कायद्याने ठोकली, तेव्हा कितीतरी ठिकाणी ऑडिटरांनी "आम्हाला मत देता येत नाही" असं लिहून फाइल बंद केली. तुंबलेला ढीग गेला, पण तपासणी राहूनच गेली. आपल्याकडेही मार्चअखेरीला उद्दिष्ट गाठायला काय होतं ते मी बघितलंय, जास्त बोलत नाही.

आता कुठे ग्रामपंचायतीकडे वळा, म्हणजे साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. ई-ग्रामस्वराजची साइट उघडा, राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडा, मंजूर आराखडा आणि झालेली पेमेंटं दिसतात. मुलांना एकच काम निवडू द्या, शक्यतो शाळेच्या रस्त्यावरचं, आणि ते जागेवर आहे का ते बघू द्या. झालेलं काम निवडा, न झालेलं नको. पहिल्यांदा मुलांना कागद आणि जमीन जुळतात हे दिसू दे, तो आनंद वेगळाच असतो.

त्या मुलाच्या बाबांना मात्र एक सांगा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे आर्थिक वर्षाची पहिली ग्रामसभा दोन महिन्यांच्या आत घ्यायची असते आणि तिच्यापुढे वार्षिक हिशोब आणि शेवटची ऑडिट टिपणी, तिला दिलेल्या उत्तरांसकट, ठेवायची असते. म्हणजे मे महिना संपायच्या आत. मतदार म्हणून ते उभे राहून विचारू शकतात, "शेवटचं ऑडिट कोणत्या वर्षाचं झालंय आणि त्यातले किती आक्षेप शिल्लक आहेत?" वर सांगितलेल्या तीन दुखण्यांपैकी कोणतं आहे ते या एका प्रश्नात कळतं. माहिती अधिकाराचा अर्जही आहेच, दहा रुपये फी आणि तीस दिवसांत उत्तर, पण तो मोठ्यांनी आपल्या नावाने टाकावा. वर्गाच्या किंवा शाळेच्या नावाने अजिबात टाकू नका, तुमची बदली होईल आणि मुलं शिकतील की विचारलं की असं होतं.

थोडक्यात क्रम असा ठेवा, आधी मेळाव्याचा गल्ला, मग घरचा अहवाल, मग गाव. पहिल्या दोनला घाई करू नका, गावाचं राहिलं तरी चालेल.

आणि ग्रामपंचायतीत मुलांना घेऊन जायचंच असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र घ्या, आठ-दहाच मुलं न्या, आणि कोरी रोकडवही कशी असते ते दाखवा म्हणून विनंती करा, भरलेली मागू नका. कोरी दाखवताना तिथला माणूस आपणहून भरलेली काढतो, हे मी निदान पाच-सहा ठिकाणी बघितलंय. फक्त मार्चमध्ये जाऊ नका, तेव्हा तिथे पाणी विचारायलाही कुणाला सवड नसते.